५० मिनिटं, एक प्रमेय: गणित विभागात संशोधन-व्याख्यान कसं द्यावं

विभागातल्या व्याख्यानाला साधारण तासभर मिळतो. प्रश्नांची दहा मिनिटं वजा केली की उरतात ५०. एवढ्या वेळात नवं प्रमेय एकच नीट पोचतं. म्हणून स्लाइड करायला बसण्याआधी, श्रोत्याला शेवटी जे विधान स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं, ते कागदावर लिहून काढा. ते दोन ओळींत मावत नसेल तर सर्वसाधारण रूप सोडून एखादी विशेष स्थिती घ्या. पूर्ण रूप पेपरमध्ये असतंच.

समोर कोण बसणार हे आधी विचारा. सेमिनारला त्याच विषयातली माणसं असतात. कलोक्वियमला मात्र टोपॉलॉजीवाले, संख्याशास्त्रवाले आणि एमएस्सीचे विद्यार्थी एकत्र येतात. तिथे पहिली १५ मिनिटं एमएस्सीच्या विद्यार्थ्याला पूर्ण समजलीच पाहिजेत.

सुरुवात उदाहरणाने करा, व्याख्यांच्या यादीने नाही. समजा विषय क्लास ग्रुपचा आहे. फळ्यावर लिहा: ६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५). पूर्णांकांना √−५ जोडून बनणाऱ्या संख्यांमध्ये ६ चे अवयव दोन प्रकारे पडतात, आणि चारही अवयव आणखी फुटत नाहीत. कारणही तिथेच सांगून टाका. a + b√−५ चा नॉर्म म्हणजे a² + ५b², आणि गुणाकाराचा नॉर्म हा नॉर्मचा गुणाकार असतो. २, ३ आणि या दोन कंसांचे नॉर्म अनुक्रमे ४, ९, ६, ६ आहेत. त्यांतला कुठलाही अवयव फुटायचा तर नॉर्म २ किंवा ३ असलेली संख्या लागेल, पण एका वर्गात दुसऱ्या वर्गाची पाचपट मिळवून २ किंवा ३ कधीच येत नाही. तीन मिनिटांत सगळ्यांना अडचण दिसते. अवयव एकाच प्रकारे पडण्याचा नियम किती मोडला हे क्लास ग्रुप मोजतो, आणि इथे क्लास नंबर (म्हणजे त्या ग्रुपमधल्या घटकांची संख्या) २ आहे, हे वाक्य त्यानंतर आलं की व्याख्या ओझं वाटत नाही.

विसाव्या मिनिटाला मुख्य प्रमेय फळ्यावर असायला हवं, कुणाचं आणि कोणत्या वर्षीचं ते शेजारी लिहून. उशीर इथेच होतो, कारण पूर्वपीठिका लांबत जाते. पुढच्या २० मिनिटांत सिद्धतेतली एकच कल्पना, शक्यतो लहानात लहान उदाहरणावर चालवून दाखवा. लांब आकडेमोड फळ्यावर करू नका. एक चिन्ह चुकलं की पाच मिनिटं ते शोधण्यात जातात आणि श्रोत्यांच्या हातचा धागा सुटतो. टिपणांत तिसाव्या मिनिटापाशी खूण करून, वेळ कमी पडला तर काय गाळायचं ते आधीच लिहून ठेवा.

फळा उभ्या रेघांनी तीन-चार रकान्यांत वाटा. डावा रकाना प्रमेय आणि चिन्हांसाठी. तो शेवटपर्यंत पुसायचा नाही. खालची वीतभर जागा मोकळी सोडा, पुढच्यांच्या डोक्यांमागे ती झाकली जाते. आधी जाऊन शेवटच्या बाकावरून अक्षर वाचून बघा. ग्रीक न्यू आणि इंग्रजी व्ही हाताने सारखेच येतात, तेव्हा एका व्याख्यानात दोन्ही नकोत.

उपयोजित गणितात आलेख दाखवायचे असल्याने स्लाइड लागतात. २५ च्या आत ठेवा. प्रत्येक आलेखाच्या अक्षांवर राशी आणि एकक हवं, आणि रेषांमधला फरक केवळ लाल-हिरव्यावर सोडू नका, तुटक रेषाही वापरा. काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. पद्धत कुठे मोडते तेही दाखवा. एका मितीतलं उष्णतेचं समीकरण (विसरण गुणांक १) साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे पुढच्या क्षणाच्या किमती थेट आत्ताच्या किमतींवरून काढत, सोडवताना कालपायरी ही जाळीतल्या अंतराच्या वर्गाच्या निम्म्याहून मोठी चालत नाही. हे गुणोत्तर ०.५ ऐवजी ०.५१ घेतलं तर बारीक जाळीवर सर्वांत झपाट्याने हलणारा घटक दर पायरीला चिन्ह बदलत सुमारे १.०४ पटीने वाढतो, म्हणजे १०० पायऱ्यांत जवळपास ५० पट. दोन्ही आलेख शेजारी ठेवले, की दुसऱ्यातले करवतीचे दाते बघूनच श्रोत्याला स्थिरतेची अट पटते. किंमतही सांगा: अंतर निम्मं केलं की कालपायरी चौथाई होते आणि एकूण काम आठपट. गुळगुळीत सुरुवातीच्या स्थितीसाठी त्रुटीही तेव्हा चौथाई झाली पाहिजे. ते आकडे तक्त्यात द्या. उपयोजितवाले श्रोते पहिल्यांदा तिथेच बघतात.

प्रश्न आला की तो मोठ्याने पुन्हा सांगा. मागच्यांना आणि ऑनलाइन जोडलेल्यांना तो बहुतेकदा ऐकू आलेला नसतो. उत्तर ठाऊक नसेल तर कोणत्या स्थितीत ठाऊक आहे तेवढं सांगा, प्रश्न टिपून घ्या आणि पुढच्या हाताकडे वळा.