इंजिन कूलंट खातंय? टॉप-अप थांबवा, आधी गळती शोधा

आजच्या गाडीची कूलिंग सिस्टीम पूर्ण बंद असते. नवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत आतली हवा निघते आणि पातळी थोडी उतरते, तेवढं चालतं. पण दर महिन्याला पाव लिटर घालावं लागत असेल, तर ते कुठेतरी जातंय. नुसतं भरत राहिलात की गळती हळूहळू वाढते आणि एक दिवस इंजिन तापून त्याचं हेड, म्हणजे वरचं धातूचं झाकण, वाकतं.

पातळी नेहमी थंड इंजिनावर, गाडी सपाट जागी उभी करून बघा. कूलंटच्या टाकीवर चिकटपट्टी लावून रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. किती अंतरात किती उतरलं हे कळल्याशिवाय पुढचा तपास आंधळाच. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका. आतलं द्रव दाबामुळेच द्रव राहिलेलं असतं, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं.

खरं काम प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप, करतो. इंजिन थंड असताना टाकीच्या तोंडावर तो बसवा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. बहुतेक गाड्यांत तो 1 ते 1.5 बारच्या दरम्यान असतो. पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर रात्रभर तसाच ठेवा. थंड इंजिनाचा आग्रह उगाच नाही. गरम धातूवर पडलेला थेंब दिसायच्या आत उडून जातो, शिवाय थंडीत रबर आणि प्लास्टिक आकसतं, म्हणून काही सांधे फक्त थंड असतानाच पाझरतात.

काटा उतरला की टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. वॉटर पंपाच्या पुलीमागे, खालच्या अंगाला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक असतं. तिथून खाली गुलाबी किंवा पांढरट, खरखरीत ओघळ सुकलेला दिसला तर पंपाचं सील गेलंय. ते भोक कधीही बुजवू नका. सीलमधून आलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) चालत असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी बदला, नाहीतर पुढे बेल्टसाठी तेवढंच सगळं परत खोलावं लागेल.

मग प्लास्टिकचे भाग. थर्मोस्टॅट हाउसिंग, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचं घर, वर्षानुवर्षं गरम-गार होऊन वाकडं होतं किंवा त्याला केसासारखी चीर जाते. रेडिएटरच्या कडेच्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात दाबून बसवलेल्या असतात, तिथलं रबर कडक झालं की कोपऱ्यातून पाझर सुरू होतो. हाउसिंग बदलताना नवी ओ-रिंग (रबरी कडं) घाला, बसायची जागा धातूच्या पात्याने न खरवडता साफ करा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळा. हातच्या अंदाजाने जास्त आवळून नवंच हाउसिंग फुटल्याचं फार वेळा दिसतं.

झाकणाचीही टेस्ट करा. कूलंट कॉन्सन्ट्रेट आणि पाणी यांचं अर्धं-अर्धं मिश्रण मोकळ्या हवेत साधारण 107 अंशांना उकळतं, एक बार जादा दाबाखाली 125 च्या पुढे. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट टाकीबाहेर उसळतं आणि गळती मात्र कुठेच सापडत नाही.

बाहेर सगळं कोरडं असेल तर आत शोधा. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट वाफ आणि पायाखालचा गालिचा ओला, म्हणजे हीटर कोअर, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या सीलचा, संशय असेल तर टाकीवर ब्लॉक टेस्टर लावा, त्यात निळं द्रव असतं. पेट्रोल इंजिनात जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते द्रव पिवळं पडतं. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या फेसावरून मात्र निर्णय देऊ नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी तो जमतो. डिझेलमध्ये हेड खोलण्याआधी ईजीआर कूलर तपासा, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा भाग. तो आतून फुटला की कूलंट इंजिनात जाऊन जळतं, पांढरा धूर निघतो आणि दोष हेड गॅस्केटवर येतो.

गळती बंद करणारी पावडर टाकू नका. हीटर कोअरच्या बारीक नळ्या तिने आधी बुजतात.

भरताना रंग बघून कूलंट निवडू नका, रंगाला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. फ्लश केल्यावर, म्हणजे सिस्टीम पाण्याने धुतल्यावर, थोडं साधं पाणी आत अडकून राहतं, म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. सहा लिटरची सिस्टीम असेल तर आधी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. मग तो आणि टाकीचं झाकण बंद करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा अडकलीय. आतली हवा ओढून कूलंट भरणारा व्हॅक्यूम फिलर मिळाला तर हा त्रासच वाचतो.

काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं. पुढचे तीन दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर भरा, तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावा.