मेडिकल मारिजुआना कार्ड आहे? मग फेडरलचं पण बघून ठेवा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अमेरिकेत औषध म्हणून गांजा (मारिजुआना) वापरायचं कार्ड देतं राज्य, पण १९७० चा कंट्रोल्ड सबस्टन्सेस अ‍ॅक्ट (नियंत्रित अमली पदार्थांचा कायदा) फेडरलचा, म्हणजे केंद्र सरकारचा आहे आणि तो तुमचं कार्ड बघत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने गांजा शेड्यूल १ मधून, म्हणजे या कायद्यातल्या सगळ्यात कडक यादीतून, ३ मध्ये आणायचा प्रस्ताव मांडला तेव्हापासून बऱ्याच पेशंटना वाटतंय की आता सगळं मोकळं, पण तसं नाहीये, शेड्यूल ३ म्हणजे पण कंट्रोल्डच.

त्यामुळे कार्ड वेळेत रिन्यू करा, डब्यावरचं डिस्पेन्सरीचं (गांजा विकणाऱ्या परवानाधारक दुकानाचं) लेबल काढू नका, आणि राज्याची हद्द ओलांडताना माल घरीच ठेवा, पलीकडे लीगल असलं तरी.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर प्लीज, अगदी कळकळीने सांगतेय, आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. यूएससीआयएसने (अमेरिकेचं नागरिकत्व आणि इमिग्रेशन बघणारं खातं) २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की गांजा राज्यात चालत असला तरी नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो. इंटरव्ह्यूत ऑफिसरने विचारल्यावर "हो, पण माझ्याकडे कार्ड आहे" एवढं म्हटलं तरी ती गुन्ह्याची कबुली धरली जाऊ शकते.

फेडरल मदतीच्या घरात राहत असाल तर लीज पण नीट वाचा, तिथे पण फेडरल कायदा लागतो.