दोस्ताशी मनापासून बोलायचंय? रंकाळ्यावर न्या

तब्येत, आयुष्य असल्या विषयांवर नीट बोलायचं असेल तर हॉटेलात बसू नका, मिसळ आली की विषय कटातच बुडतो. संध्याकाळी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला न्या, शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघावं लागत नाही म्हणून अवघड गोष्ट पण पटकन निघते तोंडातून, आणि डब्ल्यूएचओ सांगतंय आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम, त्यातला थोडा तिथंच भागतो. फोन सायलेंटवर.

सुरुवातीलाच "तुझ्या जगण्याचा उद्देश काय रे भावा" असलं विचारलासा तर तो हसून टाळणार. त्यापेक्षा "झोप लागते का रे हल्ली?" विचारा. "लागते की" एवढंच म्हणाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं गप्प चाला, खरं उत्तर त्यानंतर येतं. मग विचारा, कुठलं काम करताना वेळ कळत नाही तुला? सल्ला मागितल्याशिवाय नको, डाएटचा तर अजिबात नको (तांबडा-पांढरा सोड म्हणणाऱ्याचं इथं कोण ऐकतंय). जगायचाच कंटाळा आलाय म्हणाला तर मात्र डॉक्टरकडं सोबत जा, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर पण आहे. परत येताना गंगावेशीत धारोष्ण दूध, आणि पुढचा वार तिथंच ठरवून टाका.