ग्रीक पद्धतीने दगडात मुद्रा कशी कोरायची (ठाण्यातल्या बाल्कनीतही जमतं)

मुद्रा म्हणजे ओल्या मातीत दाबून ठसा उमटवायचा उलटा कोरलेला दगड. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर महिनाभर मनगट दुखेल आणि दगडावर ओरखडासुद्धा उठणार नाही. दगड हत्याराने कापला जात नाही, कडक दगडाच्या भुकटीने कापला जातो. अकीक, कार्नेलियन (तांबूस अकीक) हे सगळे दगड मोह्स स्केलवर, म्हणजे दगडाचा कडकपणा मोजायच्या १ ते १० च्या पट्टीवर, साडेसहा ते सातच्या घरात, साधं लोखंड त्यांच्यापुढे मऊ पडतं. कुरुंद मात्र ९. ग्रीक कारागीर नॅक्सॉस बेटावरची एमरी, म्हणजे कुरुंदाची पूड, तेलात कालवायचे आणि तांब्या-ब्राँझच्या फिरत्या टोकाला लावायचे. टोक मऊ असल्यामुळे कण त्यात रुतून बसतात आणि तेच कण दगड खात जातात. हे मला कळलं तेव्हा मी तीन महिने चुकीच्या दिशेने जोर लावत होतो.

दगड कुठला घ्यायचा? सुरुवातीला अकीक नकोच, शंखजिऱ्याचा तुकडा घ्या, तो नखानेसुद्धा ओरखडतो, त्यावर फक्त उलटं कोरायची सवय करा. मग अकीक. आपल्याकडे अकीकाची कमी नाही, दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमधूनच तर तो निघतो. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठणहून ऑनिक्स (पट्ट्यापट्ट्यांचा अकीक) दगड मोठ्या प्रमाणात भरूचला जायचा, आणि त्याच ग्रंथात कल्याण बंदराचंही नाव आहे, कल्लिएना म्हणून. म्हणजे आपण लोकलने वीस-पंचवीस मिनिटांत जातो ते कल्याण ग्रीक भाषेतल्या पुस्तकात नोंदलं गेलंय, मला तर हे वाचून त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही. असो. दगड एकरंगी, भेगा नसलेला, साधारण दोन सेंटिमीटरचा बघा. उजेडासमोर धरा, आत पांढरी रेष दिसली तर परत द्या, ती नेमकी शेवटच्या दिवशी फुटते.

सामान फार नाही. सिलिकॉन कार्बाइड पावडर २२०, ४०० आणि ६०० नंबरची (नंबर वाढला की पूड बारीक; ही कुरुंदापेक्षाही थोडी कडक, आणि एमरीपेक्षा सहज मिळते), शिलाई मशीनचं तेल, इलेक्ट्रिकच्या दुकानातली जाड तांब्याची तार, लाख, एक लाकडी दांडी, भिंग, आणि शाडू माती. रोटरी टूल (टोक गरागरा फिरवणारं छोटं विजेचं हत्यार) असेल तर ते टेबलाला आडवं घट्ट बांधा आणि सगळ्यात कमी स्पीडवर ठेवा. नसेल तर कमानीने फिरणारा आडवा गज बनवून घ्या, जुन्या सुतारांचा दोरी-कमानीचा गिरमिट आठवा, तत्त्व तेच, फक्त इथे दोन टेकूंवर आडवा बसवायचा.

आता महत्त्वाचं. हत्यार जागेवर राहतं आणि दगड हातात फिरतो. पेन्सिलीसारखं हत्यार धरून दगडावर चित्र काढायला जाऊ नका, दगड लाखेने दांडीवर चिकटवा आणि दांडी दोन्ही हातांनी धरून दगड त्या फिरत्या टोकाला टेकवा. तारेची तीन टोकं घासून ठेवा. गोल मण्यासारखं टोक खड्ड्यांसाठी, पातळ चकती रेषांसाठी आणि बारीक टोक डोळा-नखं वगैरेंसाठी. अख्खं चित्र या तिघांतूनच उभं राहतं. जोर लावायचा नाही, दर अर्ध्या मिनिटाला नवीन पेस्ट लावायची. माझा पहिला चांगला दगड मी घाईत दाबला आणि कडेचा टवका उडाला, दोन रविवार गेले.

चित्र काय कोरायचं यासाठी मी डेक्सामेनोस या ग्रीक मुद्रा-कारागिराकडे बघायला सांगेन. किओस बेटाचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, त्याची सही असलेले चार दगड आज आपल्याला माहीत आहेत, त्यातला एक उडत्या बगळ्याचा, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे. नाण्याएवढ्या दगडावर पसरलेले पंख, लांब ताणलेली मान, मागे गेलेले पाय, आणि खाली त्याचं नाव, डेक्सामेनोस किओसकर याने बनवलं असं. पिसं बघा, प्रत्येक पीस म्हणजे चकतीची एकच रेष, पुन्हा गिरवलेली नाही. त्याचाच एक दाढीवाल्या माणसाचा चेहरा बॉस्टनला आहे, तो बघितला की वाटतं हा माणूस आत्ता बोलेल. मी ऐरोलीला खाडीवर जाऊन राखी बगळ्याचे फोटो काढले आणि त्यावरून माझं चित्र केलं, तुम्हीही करा, बगळा आपल्याकडे रोज दिसतो आणि त्याची आकृती तीन टोकांत बरोबर बसते.

आणि उलटं. ठसा सुलटा यायला हवा म्हणून दगडावर सगळं आरशासारखं, डावं उजवीकडे, आणि वर आलेलं खोल. छाती सगळ्यात पुढे दिसायला हवी तर तो खड्डा सगळ्यात खोल. त्यामुळे दगडाकडे बघून काहीच कळत नाही, दर पाच मिनिटांनी शाडूची ओली गोळी दाबून ठसा बघा. कामातला अर्धा वेळ यातच जातो आणि तो वाया जात नाही, पुढची रेष कुठे घ्यायची हे ठसाच सांगतो. अक्षरं कोरणार असाल तर ती कागदावर लिहून कागद पालटून खिडकीच्या काचेवर धरा, मी एकदा अंदाजाने कोरली आणि देवनागरीचा काना चुकीच्या बाजूला गेला, दगडात खोडरबर चालत नाही.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. अकीकाची धूळ म्हणजे सिलिका, खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात. कोरडं कधीच घासायचं नाही, पेस्ट कायम ओली हवी, चांगला एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच, नंतर टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मूल असेल तर बाल्कनीचं दार बंद. यात काटकसर करू नका, प्लीज.

अंगठीत फिरता बसवायचा असेल तर लांबीच्या दिशेने भोक लागतं, ते कोरण्याआधी पाडा, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं, मध्ये भेटेल असं. शेवटी कोरीव काम झालेला दगड भोक पाडताना फुटला तर बघवत नाही. पॉलिश ६०० नंतर लाकडाच्या काडीला आणखी बारीक पूड लावून, खड्ड्यांच्या आतसुद्धा.

दुसऱ्या कुणासाठी कोरत असाल तर डायोजेनिस लाएर्तिओस हा जुना ग्रीक लेखक अथेन्सच्या सोलोन या कायदेकर्त्याचा एक कायदा सांगतो तो पाळा: मुद्रा विकली की कोरणाऱ्याने तिचा ठसा स्वतःकडे ठेवायचा नाही. ती मुद्रा म्हणजे त्या माणसाची सही. मी माझ्या मावशीची मुद्रा दिली त्या दिवशी शाडूचे सगळे चाळीसेक ठसे बादलीत टाकले, अर्ध्या तासात विरघळले, आणि ती माती पुढच्या दगडाला वापरली.