कटिंग, दाढी, मेंदी आणि चाळीस दिवसांचा हिशेब

माझं सलून रत्नागिरीकडे, गिऱ्हाईक निम्मं मुसलमान. पोरं खुर्चीत बसतात आणि मोबाइलमधला फोटो दाखवतात. चालतं का हे, असं विचारतात मात्र अर्धी कटिंग झाल्यावर. म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय. मी मौलाना नाही, हज्जाम आहे. अडलंच तर आपल्या मशिदीच्या इमामांना विचारा.

पहिला हिशेब चाळीस दिवसांचा. मिशी, नखं, काखेतले केस आणि नाभीखालचे केस यांना चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, असं प्रेषितांचे सोबती हजरत अनस यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये (प्रेषितांच्या शिकवणीची नोंद) आहे. दर जुम्याला (शुक्रवारी) उरकलं तर सर्वांत बरं. नाभीखालचं काम ज्याचं त्याने घरी करायचं, सतर (झाकून ठेवायचा अंगाचा भाग) न्हाव्यासमोरही उघडायची नाही. काखेतले केस उपटणं ही सुन्नत (प्रेषितांची रीत), पण वस्तरा चालतो. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या शिकवणीने चालणारे. खुद्द इमाम शाफईंच्या काखेवरून न्हावी वस्तरा फिरवत होता, तेव्हा ते म्हणाले होते, सुन्नत उपटण्याची आहे हे मला ठाऊक आहे, पण दुखणं सोसत नाही. मग तुम्ही-आम्ही कोण?

मिशी वरच्या ओठाची कड स्वच्छ दिसेल इतकी कातरायची. दाढी राखायची. मुठीखालची कापायची असेल तर हज-उमऱ्याच्या (मक्केच्या यात्रेच्या) वेळी प्रेषितांचे सोबती हजरत इब्न उमर तसं करत, याचा आधार आहे. आधी दाढी कोरडी करून विंचरा. ओली दाढी लांब दिसते, वाळली की आखडते आणि मग मुठीत पुरत नाही. हनुवटीखाली मूठ धरा, खाली उरलेले केस कात्रीने कापा. मशीन नको, एक झटका चुकला की महिनाभर दाढी लपवावी लागते.

आता तो फोटो. कानावरून झिरो मारून कातडी दाखवायची आणि वर झुपका सोडायचा. डोक्याचा काही भाग भादरून काही ठेवणं याला कझअ म्हणतात आणि प्रेषितांनी (स.) त्याला मनाई केली आहे. एका मुलाचं डोकं असं अर्धवट भादरलेलं पाहून त्यांनी सांगितलं, सगळं काढा नाहीतर सगळं ठेवा. शाफई विद्वान इमाम नववी याला मकरूह (टाळलेलं बरं) म्हणतात, औषधोपचारासाठी सूट. मी पोरांना मधला रस्ता सांगतो: बाजूला तीन नंबर, वर कात्री, कुठेही कातडी उघडी नाही. दिसतंही बरं, आणि घरी अब्बांचं बोलणं वाचतं.

केस वाढवायला हरकत नाही, पण ज्याला केस आहेत त्याने त्यांची कदर करावी, असा हुकूम आहे. तेल, कंगवा, सुरुवात उजवीकडून. दुसऱ्या बाजूने, रोज आरशासमोर तासभर घालवायलाही मनाई. विंचरणं एक दिवस आड सांगितलं आहे.

पांढऱ्या केसांना रंग चालतो. मक्का जिंकली त्या दिवशी, 630 साली, हजरत अबू बक्र यांचे वडील अबू कुहाफा यांना आणलं, तेव्हा त्यांचं डोकं आणि दाढी पांढरीफेक होती. हे बदला, पण काळा टाळा, असं प्रेषितांनी (स.) सांगितलं. म्हणून मेंदी. लोखंडी कढईत रात्री भिजवा, सकाळी लावा, दोन-तीन तासांनी धुवा. तपकिरी हवा असेल तर निळीच्या पानांची पूड मिसळा. ‘काळी मेंदी’ म्हणून पुडी मिळते ती घेऊ नका. निव्वळ मेंदीने केस काळे होतच नाहीत. त्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याने काहींचा चेहरा सुजतो. कुठलाही रंग आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. मेंदीचा रंग वुजूच्या (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या) आड येत नाही, लगदा येतो. तो खळखळून धुऊन काढा.

बाळाचं जावळ सातव्या दिवशी, अकीक्यासोबत (बाळाच्या जन्मानिमित्त दिली जाणारी कुर्बानी). टाळू मऊ असते, म्हणून बाळ झोपलेलं असताना, आईच्या मांडीवर, हलक्या हाताने. केस खाली सांडू देऊ नका. कागदात गोळा करून सोनाराच्या काट्यावर तोला आणि तेवढ्या वजनाच्या चांदीची रक्कम गरिबाला द्या. घरातला भाजीचा काटा एवढंसं वजन दाखवतच नाही.

आणि कुर्बानी करणाऱ्यांसाठी: जिल्हजचा (बकरी ईदच्या महिन्याचा) चंद्र दिसल्यापासून जनावर जिबह होईपर्यंत (कापलं जाईपर्यंत) केस-नखं कापायची नाहीत. आम्हा शाफईंमध्ये ही सुन्नत, कापलं तर मकरूह. तेव्हा चंद्राच्या चार दिवस आधी या. चंद्ररात्रीला ‘भाई, पाच मिनिटं फक्त’ म्हणत दारात उभे राहू नका, रांग रस्त्यापर्यंत असते.