पुण्याच्या पेठांमध्ये पायी ट्रेझर हंट: या चुका टाळा

जुने पुणे पाहायचे असेल तर ते पायीच पाहावे लागते, कारण कसब्यापासून शुक्रवार पेठेपर्यंतचे अनेक बोळ चारचाकीच्या मापाचे नाहीत आणि दुचाकीवर बसलेल्याची नजर समोरच्या गर्दीवरून हलत नाही. वाटाड्या न घेता, हातातल्या प्रश्नांच्या कागदावरून एकेक ठिकाण शोधत जाण्याचा खेळ, ज्याला आता सगळेच ट्रेझर हंट म्हणतात, हा त्यासाठी मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. घरातली मुले, सोसायटीतली कुटुंबे आणि परगावाहून आलेले पाहुणे यांच्यासाठी मी असे बरेच मार्ग आखले आणि त्यांतले कित्येक पहिल्या खेपेला फसले. बहुतेक वेळा दोष चालणाऱ्यांचा नव्हता, कोडे लिहिणाऱ्याचा म्हणजे माझाच होता.

घरबसल्या सुटणारे कोडे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक ही आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर किती अणकुचीदार खिळे आहेत, असा प्रश्न सुरुवातीला मला फार चांगला वाटला होता. प्रत्यक्षात पहिल्याच गटातल्या एका मुलाने दरवाज्यापर्यंत पोहोचण्याआधी फोनवर शोध घेतला, प्रत्येक दाराला नऊ गुणिले आठ म्हणजे ७२ खिळे असे उत्तर लिहिले आणि दरवाज्याकडे मान वर करूनही न पाहता पुढचा कागद मागितला. वाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, ही माहितीही अशीच दोन मिनिटांत सापडते, त्यामुळे ती विचारण्यात अर्थ नसतो. ती कोड्याच्या खाली दोन ओळींत आपणच सांगून टाकावी.

त्याच दरवाज्यासाठी मी आता वेगळे प्रश्न विचारतो. दोनपैकी कोणत्या दाराला माणसाने जाण्यापुरती दिंडी आहे, त्या दिंडीतून जाताना तुमच्या गटातल्या कोणाकोणाला वाकावे लागेल, आणि खिळ्यांची सर्वांत खालची ओळ तुमच्या डोक्याच्या किती वर आहे? खिळ्यांची ही उंची धडक देणाऱ्या हत्तीच्या कपाळाच्या बेताने ठरवलेली आहे, आणि तिथे उभे राहून हात वर केल्याशिवाय ती गोष्ट कळत नाही. उत्तर जागेवरच मिळायला हवे, हा एकच नियम पाळला तरी निम्म्या चुका आपोआप टळतात.

मंडईचेही तसेच आहे. महात्मा फुले मंडई कधी बांधली हे विचारू नये. मधल्या आठकोनी मनोऱ्यापासून किती दिशांना पाखे फुटले आहेत हे विचारावे, कारण त्यासाठी इमारतीभोवती पूर्ण फेरी मारावी लागते आणि त्या फेरीत भाजीवाल्यांचे गाळे, जुना दगड, छपराची कौले हे सगळे नजरेखालून जाते. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता आणि पुढे याच वास्तूला त्यांचे नाव मिळाले, ही हकीकत फेरी पूर्ण झाल्यावर वाचली तर जास्त भिडते.

ऐकीव माहिती पक्के उत्तर म्हणून लिहिणे

लाल महालासाठी लिहिलेल्या कोड्यांमध्ये हमखास एक वाक्य सापडते: याच खिडकीतून शाइस्तेखान निसटला. हे लिहू नये. एप्रिल १६६३ मधला शिवाजी महाराजांचा छापा याच जागेशी निगडित आहे यात शंका नाही, पण आज उभी असलेली इमारत महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे आणि ती शहाजीराजांच्या काळातला मूळ वाडा नाही. जागा जुनी आणि इमारत नवी, हाच फरक कोड्याचा विषय करावा. आजूबाजूच्या बांधकामांशी ताडून ही वास्तू नवी असल्याच्या तीन खुणा शोधा, असे सांगितले तर मोठी माणसेही भिंतींकडे नीट बघू लागतात.

देवळांच्या नावांबाबत याहून अधिक सावध राहावे लागते. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती ही नावे म्हणजे पेठांचे खरे वैभव आहे आणि ट्रेझर हंटमध्ये ती आली नाहीत तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. मात्र ‘हे नाव का पडले?’ असा प्रश्न विचारून त्याचे एकच उत्तर ग्राह्य धरले की भांडण ठरलेले. पासोड्या विकणाऱ्यांच्या वस्तीमुळे पासोड्या आणि शेजारच्या जिलबीच्या दुकानामुळे जिलब्या, असे सांगितले जाते. तरीही एकाच देवळाबद्दल पुजारी एक गोष्ट सांगतात आणि समोरचे दुकानदार दुसरी. अशा ठिकाणी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा आणि दोन्ही गोष्टी लिहून आणा, असे सांगावे. मग गुण ऐकण्याला मिळतात आणि कोणाची गोष्ट खोटी ठरत नाही.

नाहीशा होणाऱ्या खुणा

दुकानाची पाटी, भिंतीचा रंग, फळवाल्याची गाडी यांवर कोडे बेतणे म्हणजे पुढच्या महिन्यात ते बाद होण्याची सोय करणे होय. पण पेठांमध्ये याहून मोठ्या गोष्टीही नाहीशा होतात. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यावर, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, माझे एक जुने कोडे होते आणि त्यात लाकडी दर्शनी भागाचे वर्णन होते. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती जीर्ण इमारत उतरवली गेली. कागद मात्र तसाच राहिला आणि एक कुटुंब भर उन्हात वीस मिनिटे नसलेला सज्जा शोधत उभे राहिले. ते ठिकाण मार्गातून काढून टाकणे मला पटले नाही, कारण तिथे घडलेली गोष्ट इमारतीबरोबर जात नाही. आता त्या जागी कोडे नसते. तिथे थांबायचे, रस्त्याच्या पलीकडून ती जागा पाहायची आणि कागदावरचा परिच्छेद गटातल्या सर्वांत लहान मुलीने मोठ्याने वाचायचा, असे ठरवले आहे.

नाव उरले आणि वस्तू गेली, अशीही ठिकाणे भरपूर आहेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने दिसतात, अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचा वाडा दिसत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले, पण आज त्यांतल्या काहींची ओळख चौकाच्या किंवा थांब्याच्या नावापुरतीच उरली आहे. इथे ‘हौद शोधा’ असे लिहू नये, ‘हौदाचे नाव कुठे कुठे शिल्लक आहे ते शोधा’ असे लिहावे.

टिकाऊ खूण कशी असते हे पाहायचे असेल तर सोमवार पेठेत नागझरीजवळच्या त्रिशुंड गणपतीला जावे. या मंदिराचे बांधकाम १७५४ साली भीमगिरजी गोसावी यांनी सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. मूर्ती तीन सोंडांची आहे आणि मोरावर बसलेली आहे. पण आत जाण्याआधी काळ्या दगडाच्या दर्शनी भागासमोर किमान दहा मिनिटे थांबावे. द्वारपाल, हत्ती, वेलबुट्टी यांच्या गर्दीत बंदूकधारी गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने जखडताना कोरलेले आहेत. पुण्याच्या पाथरवटाने गेंडा का कोरला असेल, हा प्रश्न मी कागदावर लिहितो आणि उत्तराची जागा मोकळी सोडतो. बंगालकडे इंग्रजांनी मिळवलेल्या सत्तेचा हा संकेत असावा, असा अर्थ अभ्यासक लावतात. एका आठवीतल्या मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय लिहिले होते की हा प्राणी आपल्याकडचा नाही, म्हणजे कोणीतरी लांबची बातमी आणली असणार. हे उत्तर मी जपून ठेवले आहे.

डावे, उजवे आणि नकाशावरचा ठिपका

डावीकडे वळा, असे लिहिताना चालणाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे हे लिहिले नाही तर सूचना निरुपयोगी ठरते. देवळातून बाहेर पडताना पाठ देवाकडे असते आणि आत जाताना तोंड, त्यामुळे एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘दरवाज्याकडे तोंड करून उभे राहा, मग उजव्या हाताचा बोळ घ्या’ असे पूर्ण लिहावे.

फोनच्या नकाशावरचा ठिपका मोकळ्या मैदानात विश्वासू असतो, पण दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरे असलेल्या बोळात तो शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मेट्रोच्या भुयारी स्थानकातून, म्हणजे कसबा पेठ किंवा मंडई इथून बाहेर पडल्यावर पहिले मिनिटभर तर तो कुठेही भरकटतो. तेव्हा घाईने चालू लागू नये, उघड्या आकाशाखाली थोडे थांबावे आणि एखाद्या ठळक वास्तूवरून दिशा पक्की करावी. प्रत्येक कोड्याच्या शेवटी न हलणारी एक खूण लिहिलेली असावी, म्हणजे ठिपका चुकला तरी माणूस चुकत नाही. छापील कागद जवळ असावाच, कारण सतत नकाशा उघडा ठेवला की बॅटरी तीन तास पुरत नाही.

एका दिवसात सगळे पुणे

शनिवारवाडा, कसबा गणपती, त्रिशुंड, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबागवाडा, मंडई आणि शेवटी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर, अशी यादी कागदावर सहज मावते, पण पायांना झेपत नाही. कोडी सोडवत चालणारा गट नेहमीच्या चालीच्या निम्म्या वेगानेही जात नाही, आणि मुले असतील तर त्याहून हळू. अडीच ते तीन किलोमीटर आणि सात-आठ थांबे एवढेच एका सकाळीसाठी पुरेसे आहेत. कसबा आणि सोमवार पेठ एका दिवशी करावी, बुधवार आणि शुक्रवार पेठ दुसऱ्या दिवशी. पाताळेश्वर नदीपलीकडे असल्याने त्याला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी.

सकाळी साडेसात-आठला निघणे सर्वांत चांगले. दुपारी अनेक देवळांचे गाभारे बंद होतात, जुनी दुकाने विश्रांतीसाठी मिटतात आणि ज्यांना विचारायचे ती माणसेच भेटत नाहीत. ज्या वास्तूंत तिकीट काढून किंवा ठरावीक वेळेतच जाता येते, त्यांची आदल्या दोन-तीन दिवसांत चौकशी करावी, कारण दुरुस्तीसाठी एखादा भाग बंद असणे नेहमीचे आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आणि पालख्यांच्या मुक्कामात हा खेळ अजिबात ठेवू नये. मांडवांमुळे दर्शनी भाग झाकले जातात, रस्ते बंद होतात, आणि तेव्हाचे पुणे पाहण्याची रीतच निराळी आहे.

शर्यत लावणे

पहिल्या येणाऱ्याला बक्षीस, हा नियम मी कायमचा काढून टाकला. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता आणि लक्ष्मी रस्ता ओलांडताना मुले धावू लागली, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले होते. वेळेचे गुण शून्य ठेवावेत, निरीक्षणाचे गुण वाढवावेत आणि प्रत्येक मोठा रस्ता ओलांडताना पूर्ण गट एकत्र हवा, ही अट कागदाच्या पहिल्या ओळीत घालावी. चार ते पाच जणांचा गट योग्य असतो. त्याहून मोठ्या गटात दोघे शोधतात आणि बाकीचे मागून चालतात.

वाडा म्हणजे कोणाचे तरी घर

जुन्या वाड्यांच्या चौकात आजही कुटुंबे राहतात. दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरणे, वाळत घातलेल्या कपड्यांमधून खांबांचे फोटो काढणे, जिन्यावर चढून पाहणे हे सगळे अयोग्य आहे. कोड्याचे उत्तर रस्त्यावरून दिसणाऱ्या भागातच असले पाहिजे. एकदा माझ्या कागदामुळे तीन गट एकापाठोपाठ एका वाड्यात शिरले आणि तिथल्या आजींना दुपारची झोप सोडून दारात यावे लागले. त्यांनी रागावून न बोलता पाणी विचारले, म्हणून मला जास्तच वाईट वाटले. आता आतले काही दाखवायचे असेल तर मी आधी स्वतः जाऊन परवानगी घेतो, आणि ती मिळाली तरी एकाच गटाला नेतो.

मध्येच अडल्यास

दहा मिनिटे शोधूनही खूण सापडली नाही तर ती खूणच राहिली नसण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी गटाने तिथला फोटो काढावा, काय शोधले ते एका ओळीत लिहावे आणि पुढे जावे, त्याचे पूर्ण गुण द्यावेत. प्रत्येक पुढचे कोडे मागच्या उत्तरावर अवलंबून ठेवले तर एक कडी तुटताच सगळा मार्ग थांबतो, म्हणून थांब्यांची नावे असलेला बंद लिफाफा प्रत्येक गटाकडे द्यावा. अचानक पाऊस आल्यास मंडईचे छप्पर किंवा तुळशीबागेतल्या राममंदिराचा सभामंडप गाठावा.

शेवटचा थांबा बसायला जागा असलेलाच निवडावा. मी बहुधा तुळशीबागेतले राममंदिर ठेवतो, कारण बाहेर बाजाराचा गलबला असूनही आवारात शांतपणे कागद पसरून बसता येते. तिथे सगळे गट उत्तरे ताडून पाहतात, कोणती खूण सापडली नाही ते सांगतात, आणि मी माझ्या प्रतीवर त्या कोड्यापुढे त्या दिवसाची तारीख घालून दुरुस्ती लिहितो.