वस्तीत महिला बचत गट कसा उभारावा आणि टिकवावा

धुण्याभांड्याचा पगार महिन्याच्या सात तारखेला हातात येतो आणि दहा तारखेपर्यंत भाडे, किराणा व उसनवारी यांत संपतो. वीस तारखेला मूल आजारी पडले, की सावकाराचेच दार उरते. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांत काम करताना माझी खात्री झाली आहे, की गरिबीशी झुंज या वीस तारखेच्या गरजेपासूनच सुरू करावी लागते आणि ती बाईच्या हातातल्या पैशानेच जिंकता येते.

गटासाठी दहा ते वीस जणी लागतात. त्या शक्यतो एकाच गल्लीतल्या आणि साधारण सारख्याच परिस्थितीतल्या असाव्यात, कारण एकमेकींचे घर ठाऊक असणे हेच इथे तारण असते. पहिल्याच बैठकीत गटाचे नाव, बचतीची रक्कम, बैठकीचा दिवस, व्याजाचा दर व उशिराचा दंड सर्वांदेखत ठरवून इतिवृत्तात लिहावा, अध्यक्ष व सचिव निवडावेत आणि त्या ठरावावर गटाच्या नावाने बँकेत बचत खाते उघडावे. बचतीची रक्कम सर्वांत गरीब सभासदाला झेपेल एवढीच ठेवावी. महापालिकेच्या समाज विकास विभागात नोंदणीची चौकशीही करून घ्यावी.

पंधरा जणींनी दरमहा २०० रुपये भरले, तर वर्षाला ३६,००० रुपये जमतात. ही रक्कम खात्यात पडून राहू देऊ नये. तिसऱ्या महिन्यापासून अंतर्गत कर्ज, म्हणजे जमलेल्या बचतीतून सभासदांनाच कर्ज देणे, सुरू करावे. शेकडा दोन रुपये व्याजाने ५,००० रुपये घेऊन दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज १०० रुपये, दुसऱ्याचे ९०, असे उतरत दहा महिन्यांत एकूण ५५० रुपये होते, आणि तेही गटातच राहते. सावकाराला शेकडा दहा दराने नुसते व्याज भरत राहिले, तर तेवढ्याच काळात ५,००० रुपये जातात आणि मुद्दल तसेच उभे असते. हा हिशेब पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडून दाखवावा. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार सहा महिने बैठका, बचत, परतफेड व वह्या नीट राहिल्या, की बँकेकडे विनातारण कर्ज मागता येते.

मात्र कर्ज बाईच्या नावावर निघाले म्हणजे ते तिच्या हाती आले, असे समजू नये. आमच्या एका गटात एका ताईंनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतले, पण मशीन घरी आलेच नाही. पैसे नवऱ्याने उचलले आणि ताई दोन घरची जादा कामे धरून हप्ते फेडत राहिल्या. आम्ही वेळेवर विचारले नाही, याची खंत मला आजही वाटते. तेव्हापासून मागणी आली, की पैसे कोण खर्च करणार आणि वस्तू कोणाच्या नावावर होणार, हे आम्ही बैठकीतच विचारतो, रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात भरतो आणि खरेदीला दोन सभासद सोबत जाऊन पावती तिच्याच नावाने करून घेतात.

मुलींच्या शिक्षणासाठीच्या कर्जाला शेकडा एकच रुपया व्याज लावावे आणि त्याची मागणी मे महिन्याच्या बैठकीत घ्यावी, कारण जूनमध्ये फीची सोय झाली नाही, तर दहावी झालेली मुलगी घरी बसते आणि लगेच स्थळांची बोलणी सुरू होतात. ज्या पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तिथे फीअभावी एकीचेही शिक्षण थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे एका सभासदाची नववीतली मुलगी बैठकीत खातेवही मोठ्याने वाचते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मावशींनाही आपली शिल्लक दरमहा कानांनी ऐकता येते. वाचन संपल्यावर जमलेले पैसे सर्वांसमोर मोजावेत, दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून बँकेत भरावेत आणि भरणा पावती त्याच पानावर चिकटवावी.